जुन्या औषधांची कर्करोगावरील नवी योजना : परिभाषेचा व विधानरीतीचा परामर्श

१

एका रोगासाठी सिद्ध झालेले औषध दुसऱ्या रोगावर लागू पडेल काय, याचा पद्धतशीर शोध घेण्यास इंग्रजीत ‘ड्रग रीपर्पझिंग’ किंवा ‘रीपोझिशनिंग’ असे म्हणतात. २००४ मध्ये अ‍ॅशबर्न व थॉर यांनी ‘नेचर रिव्ह्यूज ड्रग डिस्कव्हरी’ या नियतकालिकात या विषयाचा जो आढावा घेतला, तो पुढील लेखनात वारंवार आधाराला घेतला जातो. २०१४ मध्ये बेल्जियम व अमेरिका येथील दोन संस्थांनी केवळ कर्करोगापुरता हाच विचार करणारा ‘रीडू’ प्रकल्प हाती घेतला. मधुमेह, रक्तदाब, संधिवात, जंत, मनोविकार अशा नाना व्याधींवरील औषधे आता कर्करोगाच्या संदर्भात तपासली जात आहेत. मराठीत हा विषय वृत्तपत्रांतून, भाषांतरित लेखांतून व आरोग्यविषयक पुस्तिकांतून येतो, आणि तो बहुधा ‘पुनर्वापर’ या शब्दाच्या आश्रयाने येतो.

औषधांच्या गुणावगुणांचा निर्णय वैद्यकाने करावयाचा आहे. तो प्रांत भाषाभ्यासाचा नव्हे. परंतु ज्या शब्दांत व ज्या वाक्यरचनेत हा विषय मांडला जातो, त्यांची परीक्षा करणे हे भाषाभ्यासकाचे काम होय. अशी परीक्षा केली असता असे दिसून येते की, या लेखनातील दोष सामान्यतः खोट्या माहितीचा नसतो. माहिती पुष्कळदा खरी असते. दोष असतो तो तिच्या विधानरीतीत. पेशींवरील प्रयोग, लोकसमूहाचे निरीक्षण आणि रुग्णांवरील तुलनात्मक चाचणी ही तीन अगदी भिन्न दर्जाची प्रमाणे ‘कर्करोगावर उपयुक्त’ या एकाच शब्दसमूहात कोंबली जातात. मराठीत हे दर्जे वेगळे ठेवण्याची सोय पूर्वीपासून आहे. ती वापरली जात नाही, एवढेच.

२

प्रथम संज्ञेचा विचार करू जाता ‘पुनर्वापर’ हा शब्द या अर्थी सदोष ठरतो. पाण्याचा, कागदाचा किंवा बाटलीचा पुनर्वापर होतो. तेथे एकदा वापरून झालेली वस्तू पुन्हा कामी आणलेली असते आणि ‘वाया जाणारे वाचविले’ ही छटा त्या शब्दाला चिकटलेली असते. औषधाच्या बाबतीत असे काहीच घडत नाही. नव्या रोगासाठी दिलेले औषध बहुधा निराळ्या मात्रेत, निराळ्या काळापर्यंत व निराळ्या औषधांच्या जोडीने द्यावे लागते. ‘पुनर्’ हा उपसर्ग जे सारखे नाही ते सारखे असल्याचा भास निर्माण करतो, आणि त्यातूनच ‘जुने, म्हणून परिचित, परिचित, म्हणून निर्धोक’ हा अनुमानाचा घसरता उतार सुरू होतो.

‘पुनरुद्देशन’ हा दुसरा पर्याय इंग्रजीचे केवळ प्रतिबिंब होय. त्यात उद्देश जणू औषधाच्या अंगी वसत असून तो बदलता येतो, असे सूचित होते. रासायनिक द्रव्याला उद्देश नसतो. उद्देश देणाऱ्याचा असतो. मराठीत याकरिता ‘योजना’ हा उत्तम शब्द आहे. ‘औषधयोजना करणे’ हा प्रयोग वैद्यांच्या व सामान्यांच्याही बोलण्यात रुळलेला आहे. ‘योजणे’ या क्रियापदाला योजक लागतो आणि ज्यासाठी योजावयाचे तो विषयही लागतो. कोणी योजले, कोणावर योजले, कोणत्या मात्रेत योजले, हे प्रश्न ते क्रियापद स्वतःच उपस्थित करते. म्हणून प्रस्तुत विवेचनात ‘नवी योजना’ हीच संज्ञा स्वीकारली आहे.

३

औषधाला त्याच्या पहिल्या उपयोगावरून ओळखण्याची आपली सवय आहे. ‘मधुमेहाची गोळी’, ‘जंतांचे औषध’, ‘भुलीचे इंजेक्शन’ ही नावे त्या द्रव्याचा पूर्वेतिहास सांगतात. स्वभाव सांगत नाहीत. सोमलाचे उदाहरण पाहावे. मराठी भाषकाच्या मनात सोमल म्हणजे विष, ही एकच प्रतिमा आहे. तथापि १७८६ मध्ये फाउलर या इंग्रज वैद्याने सोमलाचे एक द्रावण तापावर योजले होते, आणि १८६५ मध्ये रक्ताच्या कर्करोगावर त्या द्रावणाचा उपयोग केल्याची नोंद आहे. विसाव्या शतकात ही योजना मागे पडली. १९७० नंतरच्या दशकात चीनमधील हार्बिन येथे झांग तिंगदोंग व त्यांच्या सहकाऱ्यांनी ती पुन्हा हाती घेतली. रक्ताच्या कर्करोगाच्या एका विशिष्ट, अत्यंत घातक प्रकारावर तिचा गुण दिसून आला आणि २००० मध्ये अमेरिकेच्या औषध-नियंत्रण संस्थेने तिला मान्यता दिली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इटली व जर्मनी येथील चाचणीत, या रोगाच्या कमी व मध्यम धोक्याच्या रुग्णांना ‘अ’ जीवनसत्त्वापासून निघालेल्या एका द्रव्याच्या जोडीने सोमल देण्यात आला. दोन वर्षांनंतर रोग न उलटता व अन्य विघ्न न येता जगणाऱ्यांचे प्रमाण ९७ टक्के भरले. त्याच द्रव्याच्या जोडीने रूढ रसायनोपचार घेतलेल्या गटात ते ८६ टक्के होते.

या इतिहासाला ‘नवा शोध’ म्हणणे जितके अपुरे, तितकेच ‘जुन्याचा पुनर्वापर’ म्हणणेही अपुरे. द्रव्य तेच होते. परंतु रोगाचा नेमका प्रकार, मात्रा व सहचर औषध निश्चित झाल्यावरच ते लागू पडले. ‘सोमल कर्करोग बरा करतो’ हे वाक्य असत्य आहे आणि ‘सोमल विष आहे’ हे वाक्य अपूर्ण आहे.

थॅलिडोमाइडची कथा याहून बोधप्रद आहे. १९५७ मध्ये पश्चिम जर्मनीत झोपेचे निर्धोक औषध म्हणून ते बाजारात आले. गर्भवतींनी ते घेतल्यामुळे जगभर दहा हजारांहून अधिक बालके विकृत अवयव घेऊन जन्मली आणि नोव्हेंबर १९६१ मध्ये ते तेथील बाजारातून काढून घेण्यात आले. पुढे जेरुसलेम येथे शेस्किन यांनी कुष्ठरोगातील वेदनामय प्रतिक्रियेने तळमळणाऱ्या रुग्णाला झोप यावी म्हणून ते दिले असता ती प्रतिक्रियाच ओसरली; १९६४ नंतर ही योजना प्रसिद्ध झाली. १९९४ मध्ये हे औषध नव्या रक्तवाहिन्यांची वाढ रोखते असे बॉस्टन येथे प्रयोगांती दिसले. १९९९ मध्ये सीमा सिंघल व त्यांच्या सहकाऱ्यांनी अस्थिमज्जेच्या ‘मायलोमा’ नामक कर्करोगाने ग्रस्त अशा ८४ रुग्णांवर, जेथे इतर उपाय थकले होते तेथे, ते योजले. ३२ टक्के रुग्णांत गुण दिसला. २००६ मध्ये या योजनेस अमेरिकेत मान्यता मिळाली.

‘जुने औषध निर्धोकच असते’ या विधानाला याहून कठोर उत्तर नाही. मौज अशी की, गुण आणि घात यांचा येथे एकच मार्ग आहे. २०१० मध्ये जपानी संशोधकांनी दाखविले की हे औषध पेशीतील ‘सेरेब्लॉन’ या प्रथिनाशी बद्ध होते व त्यातून गर्भाची हानी संभवते. त्याच प्रथिनाच्या द्वारे ते मायलोमाच्या पेशींना आवश्यक असलेली अन्य प्रथिने नष्ट करविते, हे त्यानंतरच्या संशोधनाने स्पष्ट केले. काव्यशास्त्राच्या विद्यार्थ्यास येथे लक्षणेची आठवण होईल. शब्दाचा मुख्यार्थ सोडून दुसरा अर्थ घ्यावयाचा तर त्या दोहोंत काही योग, म्हणजे संबंध, असावा लागतो. आणि त्यामागे रूढी किंवा प्रयोजन असावे लागते. केवळ इच्छेने शब्दाला नवा अर्थ येत नाही. हे साम्य फार ताणू नये. तरीही औषधाच्या नव्या योजनेसही असा ‘योग’ दाखवावा लागतो आणि ती रूढ होण्यापूर्वी परीक्षेतून जावी लागते, एवढे त्यातून घेण्यासारखे आहे.

४

पेशींवरील प्रयोगांच्या वृत्तांतात ‘मारते’ हे क्रियापद फार स्वैर वापरले जाते. २०२० मध्ये अमेरिकेतील ब्रॉड इन्स्टिट्यूट येथील संशोधकांनी ४,५१८ औषधी द्रव्ये कर्करोगपेशींच्या ५७८ वाणांवर तपासली. मूळची कर्करोगासाठी नसलेली अनेक औषधे काही विशिष्ट वाणांच्या पेशी नष्ट करतात, असे त्यांना आढळले. हे कार्य मोलाचे आहे, कारण पुढे कोठे शोध घ्यावा हे त्यातून कळते. परंतु ‘काचेच्या भांड्यातील पेशी मरतात’ यापासून ‘रोग्याचा रोग बरा होतो’ येथपर्यंतचे अंतर वाक्यातून गाळले, की प्रयोगाचे वृत्त म्हणजे आश्वासन होऊन बसते.

या दोहोंतील सर्वांत मोठा अडसर मात्रेचा आहे. मेटफॉर्मिन या मधुमेहावरील औषधाचे पेशींवरील पुष्कळ प्रयोग मिलिमोलर प्रमाणातील द्रावणांनी झाले. नेहमीच्या गोळ्या घेणाऱ्या रुग्णाच्या रक्तात ते औषध मायक्रोमोलर प्रमाणातच आढळते. म्हणजे प्रयोगातील प्रमाण शरीरातील प्रमाणाच्या शेकडोपट असू शकते. ‘एखाद्यावर मात्रा चालणे’ हा मराठीतील वाक्प्रचार औषधाच्या नावाचा उच्चार न करता केवळ मात्रेचा करतो. औषधाचे सामर्थ्य त्याच्या प्रमाणापासून वेगळे काढता येत नाही, ही जाण आपल्या भाषेच्या वाक्प्रचारात मुरलेली असताना, आपल्याच लेखनात मात्रेचा आकडा सर्वांत आधी गळून पडतो.

५

निरीक्षणाच्या वृत्तांतातील दोष अधिक सूक्ष्म आहे. २००५ मध्ये स्कॉटलंडमधील डंडी येथील संशोधकांनी असे नोंदविले की, मेटफॉर्मिन घेणाऱ्या मधुमेही रुग्णांत कर्करोगाचे प्रमाण कमी आढळते. पुढे याच धर्तीचे अनेक अभ्यास झाले आणि काहींत हा लाभ फार मोठा दिसला. २०१२ मध्ये मॉन्ट्रियल येथील सुइसा व अझूले यांनी या अभ्यासांची चिकित्सा करून, त्यांपैकी अनेकांत कालगणनेचाच दोष असल्याचे दाखविले.

तो दोष मराठीच्या एका प्रत्ययाने सहज उलगडतो. ‘घेणारा’ हे ‘-णारा’प्रत्ययान्त रूप काळाचे बंधन मानीत नाही. जो आज घेतो तोही घेणारा, आणि जो पुढे घेईल तोही घेणारा. समजा, एक मनुष्य अभ्यासात १ जानेवारीस आला आणि त्याने तीन वर्षांनी औषध सुरू केले. त्याची गणना आरंभापासूनच ‘घेणाऱ्यां’त केली, तर ती तीन वर्षे औषधाच्या खात्यावर जमा होतात. त्या काळात त्याला कर्करोग झाला असता किंवा मृत्यू आला असता, तर तो ‘घेणारा’ झालाच नसता. म्हणजे ती वर्षे औषधाने दिलेली नव्हेत, मोजणाऱ्याने दिलेली आहेत. ‘घेतलेला’ हे रूप वापरून ‘केव्हापासून घेतलेला?’ असा प्रश्न विचारला असता ही चूक तत्काळ उघडी पडते.

पुढे या आशेची यथायोग्य परीक्षा झाली. कॅनडाच्या नेतृत्वाखालील चाचणीत स्तनाचा कर्करोग झालेल्या, परंतु मधुमेह नसलेल्या ३,६४९ रुग्णांना चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे निरपेक्षपणे दोन गटांत विभागण्यात आले. एका गटास पाच वर्षे मेटफॉर्मिन व दुसऱ्यास तशीच दिसणारी निरौषध गोळी देण्याची योजना होती. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षानुसार, रोग उलटण्याच्या बाबतीत मुख्य तुलनेत दोन्ही गटांत फरक आढळला नाही. ‘घेणाऱ्यांत कमी आढळला’ आणि ‘घेतल्यामुळे कमी झाला’ या दोन वाक्यांतील अंतर ‘-मुळे’ या एका शब्दयोगी अव्ययाचे आहे; ते अव्यय लिहिण्याचा अधिकार मिळविण्यासाठी किंवा गमाविण्यासाठी सतरा वर्षे लागली.

६

‘कर्करोगावर औषध’ या शब्दसमूहातील उरलेले दोन दोष ‘कर्करोग’ या एकवचनात व ‘-वर’ या प्रत्ययात आहेत. ‘कर्करोग’ हे नाव ग्रीक संज्ञेतील खेकड्याच्या प्रतिमेचे रूपांतर असून ते अनेक भिन्न रोगांचे सामूहिक नाव आहे. अ‍ॅस्पिरिनचे उदाहरण हे स्पष्ट करते. स्तनाच्या कर्करोगाच्या ३,०२० रुग्णांच्या चाचणीत अ‍ॅस्पिरिनचा लाभ आढळला नाही, हे २०२४ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढील वर्षीच, म्हणजे २०२५ मध्ये, स्वीडन व शेजारच्या देशांतील चाचणीचा निष्कर्ष आला. मोठ्या आतड्याच्या व गुदाशयाच्या कर्करोगाची शस्त्रक्रिया झालेल्या, आणि ज्यांच्या गाठीत एका विशिष्ट जनुकमार्गाचे परिवर्तन आढळले अशा रुग्णांना तीन वर्षे रोज १६० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन देण्यात आले. ज्या गटात हे परिवर्तन मुख्य जनुकाच्या ठरावीक भागांत होते, त्यात तीन वर्षांत रोग उलटण्याचे प्रमाण ७.७ टक्के, तर निरौषध गोळी घेणाऱ्यांत १४.१ टक्के होते. एकाच औषधाविषयीची ही दोन विधाने परस्परविरोधी नाहीत. ‘कर्करोग’ हा शब्द एकवचनी ठेवल्यामुळे ती तशी भासतात.

‘-वर’ या प्रत्ययाने रोग टाळणे, रोग बरा करणे, उलटू न देणे व पीडा हलकी करणे हे चारही अर्थ एकत्र बांधले जातात. मुंबईच्या टाटा मेमोरियल केंद्रातील दोन कार्ये या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहेत. पहिल्यात, राजेंद्र बडवे व सहकाऱ्यांनी स्तनाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेपूर्वी सात ते दहा मिनिटे गाठीच्या सभोवती लिडोकेन हे बधिरीकरणाचे स्वस्त औषध टोचले. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षात १,५८३ रुग्णांचा विचार आहे. पाच वर्षांनंतर रोगमुक्त जगण्याचे प्रमाण लिडोकेन दिलेल्यांत ८६.६ टक्के व न दिलेल्यांत ८२.६ टक्के भरले. एकूण जगण्याचे प्रमाण अनुक्रमे ९०.१ व ८६.४ टक्के होते. दुसऱ्या गटास कोणतेच इंजेक्शन दिलेले नसल्याने, हा परिणाम औषधाचा किती व टोचण्याच्या क्रियेचा किती, हे या रचनेतून वेगळे करता येत नाही. तो विचार वाचकापुढे ठेवलाच पाहिजे. तरीही शंभरांमागे चार जणांचा हा फरक मोठा आहे. परंतु ‘भुलीच्या इंजेक्शनाने कर्करोग बरा’ असे शीर्षक त्यावर चढविले तर ते सर्वस्वी खोटे ठरेल. येथे शस्त्रक्रिया हाच मुख्य उपचार आहे आणि लिडोकेनची योजना रोग उलटू नये यासाठी आहे.

दुसऱ्या कार्यात, तोंड, घसा इत्यादी भागांच्या बळावलेल्या कर्करोगाच्या ४२२ रुग्णांची चाचणी आहे. मेथोट्रेक्सेट हे जुने कर्करोगविरोधी औषध व सेलेकॉक्सिब हे संधिवाताच्या वेदनेवरील औषध, दोन्ही पोटात घेण्याजोगी, यांची तुलना शिरेवाटे देण्याच्या सिस्प्लॅटिनशी केली गेली. २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या वृत्तानुसार मध्यम आयुर्मर्यादा पहिल्या गटात ७.५ महिने व दुसऱ्यात ६.१ महिने होती. येथे ‘बरा होणे’ हा शब्द लागूच होत नाही. दीड महिन्यापेक्षा थोडे कमी आयुष्य, गोळ्यांच्या रूपाने घेता येणारा उपचार व कमी खर्च हा या योजनेचा लाभ आहे, आणि गरीब रुग्णाच्या दृष्टीने तो उपेक्षणीय नाही.

७

यावर असा आक्षेप संभवतो की, भाषेची एवढी काटेकोर तपासणी केल्यास आशेला जागा उरणार नाही. जुन्या औषधांवरील स्वामित्वाची मुदत संपलेली असते. त्यांच्या नव्या चाचण्यांवर पैसा खर्च करण्यात उत्पादकाला लाभ नसतो. मग लोकांत उत्साह निर्माण करणाऱ्या लेखनावरही बंधने घातली तर हे संशोधन चालावे कसे? आक्षेपातील वस्तुस्थिती खरी आहे. टाटा मेमोरियलसारख्या सार्वजनिक संस्थांनी अशा चाचण्या हाती घ्याव्या लागतात, याचे एक कारण तेच आहे. परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष उलटा आहे. ‘हे औषध कर्करोग बरे करते’ असे एकदा म्हटले, की चाचणीची गरजच उरत नाही. ‘हे औषध गुणकारी असावे’ असे म्हटले, तरच ती उरते.

शिवाय अचूकतेच्या अभावाची किंमत लेखक देत नाही, रुग्ण देतो. आयव्हरमेक्टिनच्या मूळ शोधाला २०१५ चे नोबेल पारितोषिक मिळाले ते हत्तीरोगासारख्या परोपजीवी जंतूंच्या रोगांवरील कार्यासाठी. ते, मेबेंडाझोल व जनावरांना देण्याचे फेनबेंडाझोल ही जंतांवरील औषधे मनुष्याचा कर्करोग बरा करतात, असे कोणत्याही मोठ्या तुलनात्मक चाचणीत आजवर सिद्ध झालेले नाही. तथापि ‘नोबेलप्राप्त’, ‘स्वस्त’, ‘जुने’ ही तीन विशेषणे एकत्र आली की चौथे, ‘गुणकारी’, हे वाचक स्वतःच जोडतो. त्या भरवशावर एखाद्याने शस्त्रक्रिया लांबविली, तर गाठ त्याच्या निर्णयाची वाट पाहत नाही.

मराठीतील उपाय साधा आहे. बोलीतच उपचाराच्या परिणामांची उतरंड तयार आहे. ‘उतार पडणे’ म्हणजे पीडा कमी होणे. ‘गुण येणे’ म्हणजे रोगावर परिणाम दिसणे. ‘उलटणे’ म्हणजे गेलेला रोग परत येणे. ‘बरे होणे’ म्हणजे रोगमुक्ती. या शब्दांची सरमिसळ घरातील वृद्ध स्त्रीही करीत नाही. ती शिकलेले भाषांतरकार करतात. प्रमाणाचा दर्जा दाखविण्यासाठीही व्याकरणात स्वतंत्र साधने आहेत. ऐकीव माहितीसाठी ‘म्हणे’, अनुमानासाठी ‘असावे’, निरीक्षणासाठी ‘आढळले’, आणि परीक्षेने ठरलेल्या गोष्टीसाठी ‘ठरले’. पेशींवरील प्रयोगास ‘असावे’च्या पलीकडे जाण्याचा अधिकार नाही, समूहनिरीक्षणास ‘आढळले’च्या पलीकडे नाही, ‘ठरले’ हे क्रियापद तुलनात्मक चाचणीसाठीच राखून ठेवावे, आणि तेथेही कोणता रोग, कोणती मात्रा, किती रुग्ण व किती फरक हे चार तपशील त्याच वाक्यात यावेत.

वैद्यकीय मराठी घडविण्याचे काम परिभाषाकोशांनी पुष्कळ केले आहे. कोशातून नामे मिळतात. क्रियापदे निवडण्याचा विवेक मात्र लेखकाला स्वतः बाळगावा लागतो. विद्यापीठांच्या भाषाविभागांत जे विद्यार्थी उद्या भाषांतरकार, संपादक व पुस्तिकालेखक होणार आहेत, त्यांच्या अभ्यासात अशा उताऱ्यांची चिकित्सा समाविष्ट झाली पाहिजे. सोमल, थॅलिडोमाइड व लिडोकेन यांच्या योजना यशस्वी झाल्या त्या कोणी त्यांची स्तुती केली म्हणून नव्हे. कोणावर, किती व केव्हा या प्रश्नांची उत्तरे कोणी तरी चिकाटीने मिळविली म्हणून. तीच उत्तरे वाचकापर्यंत अखंड पोचविणे, एवढीच अपेक्षा या विषयावरील मराठी लेखनाकडून आहे.